क्लिपलेस पेडल कुठलं घेऊ? आज रात्री ऑर्डर टाकायचीय

चाकावरचा: मंडळी, रोडबाईकला क्लिपलेस पेडल (शूज ज्यात अडकतो ते) घ्यायचंय. साध्या पेडलवर वाघबीळच्या चढाला पाय सरकतो, तळवा बधिर होतो. शूज घेऊन झालेत. ऑफर आज संपतेय. रेस करायची नाही, आराम पाहिजे. एकच नाव सांगा.

रंकाळाकर: शूजच्या तळाला भोकं दोन की तीन? ते बघितल्याशिवाय ऑर्डर टाकू नका.

घाटवेडा: भावा, डोळे झाकून शिमानोचं एम५२० घे. एसपीडी प्रकारचं आहे, दोन्ही बाजूंनी अडकतं. क्लीट, म्हणजे शूजच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा, सोलच्या आत राहते, त्यामुळं पन्हाळ्यावर झुणका-भाकर खायला नीट चालत जाता येतं. चिखलात, पावसात माझ्या पेडलनं कधी दगा दिला नाही.

चाकावरचा: भोकं तीन, त्रिकोणात. पण मी पेडलबद्दल विचारतोय.

रंकाळाकर: पेडल त्यावरच ठरतं. एसपीडीची क्लीट दोन बोल्टची, तुमच्या शूजला बसणार नाही. तुम्हाला शिमानोचं एसपीडी-एसएल नाहीतर लुक कंपनीचं किओ. बोल्ट दोन्हींना तीनच, पण एकाची क्लीट दुसऱ्याच्या पेडलला चालत नाही.

घाटवेडा: मग शूज परत कर. त्या क्लीटवर डांबरावरून चाललं की झिजते, फरशीवर पाय घसरतो.

रंकाळाकर: पायाला बसलेले शूज परत कशाला करायचे? क्लीटवर चढवायचं रबरी कव्हर मिळतं, खिशात मावतं. आणि एसएलचं पेडल रुंद, दाब पसरतो.

घाटवेडा: दाब पसरवतो तो कडक सोल. पेडलचं काही नाही त्यात.

मोकळा_रस्ता: टायर कुठले आहेत? मी २५ मिमीचे काढून २८ चे टाकले, हवा थोडी कमी केली. आपल्याकडच्या खड्ड्यांना तेच औषध.

सायकलवाली: दादा, बधिर नक्की कुठं होतं? एकाच पायाला का? गुडघा दुखतो का?

चाकावरचा: अंगठ्यामागची गादी, दोन्ही पाय. डावा गुडघा बाहेरून दुखतो कधीकधी, पण तो विषय वेगळा.

सायकलवाली: अजिबात वेगळा नाही! क्लीटमध्ये टाच किती हलते ते बघून घ्या. शिमानोच्या पिवळ्या क्लीटमध्ये ती ६ अंश हलते, निळीत २, लालमध्ये अजिबात नाही. तुम्ही पिवळीच घ्या. शिमानोच्याच १०५ मालिकेतल्या आर७००० पेडलबरोबर तीच येते. क्लीट थोडी टाचेकडं सरकवून बसवा, गादीवरचा भार उतरतो. शूज पुढं आवळत असतील तर मात्र कुठलंही पेडल घ्या, मुंग्या येणारच. सीटची उंचीही परत बघा, गुडघ्याचं दुखणं बऱ्याचदा तिथूनच असतं. पेडलची पकड ठरवणारा टेन्शन स्क्रू सगळ्यात सैल ठेवा. आधी भिंतीला धरून सराव करा, थांबायच्या आधीच टाच बाहेर फिरवायची. रंकाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत नको.

जुना_गडी: लुकनं आपलं क्लिपलेस पेडल १९८४ साली आणलं. फ्रान्सचा सायकलपटू बर्नार इनो १९८५ ची टूर द फ्रान्स त्यावरच जिंकला. त्याआधी सगळे पट्ट्यानं पाय बांधून चालवायचे.

चाकावरचा: आर७००० टाकलं. बसवायला पाना कुठला?

घाटवेडा: ८ ची ॲलन की. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, जोर लावून क्रँक (पेडल बसतं तो दांडा) खराब करू नकोस. आट्यांना ग्रीस लाव. आणि एसपीडी एकदा चालवून बघच, माझी सायकल देतो.