जानेवारीत स्ट्रॉबेरीच्या शेतावर जायचंय: फळं स्वतः तोडायची, गोठाही बघायचा. फोनवर काय विचारावं, तिथे काय सांभाळावं?

ठाण्याहून_नऊजण

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात जायचं ठरतंय. चार मोठे, तीन मुलं (वय ४, ७ आणि ११) आणि सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा. हॉटेलच्या आवारात शोभेपुरते चार वाफे असतात तसलं नको आहे. घरचे लोक खरोखर शेतीवर आणि दुधावर जगतात, गोठ्यात गायी-शेळ्या आहेत आणि आपण तोडलेली स्ट्रॉबेरी वजनावर विकत घेता येते, अशा घरी एक अख्खा दिवस काढायचा आहे.

फोन करताना नेमकं काय विचारावं? किती वाजता पोचावं? मुलांनी जनावरांना काय खायला घातलेलं चालतं? आणि ४-५ किलो फळ ठाण्यापर्यंत धड पोचेल का? रस्त्यावरून घेतलेली पेटी वरून लालबुंद दिसते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी धरते, ते कशामुळे?

गादीवाफा

पहिला प्रश्न हा विचारा: "शेवटचा तोडा कधी झाला?" हंगामात दर दोन-तीन दिवसांनी तोडा होतो. तोडा झाला त्याच दुपारी पोचलात तर वाफ्यावर पांढरी-हिरवी फळंच दिसतील आणि मुलांचा हिरमोड होईल. पाहुण्यांसाठी दोन-चार ओळी राखून ठेवता येतात, पण आदल्या दिवशी सांगितलं तरच. शिवाय स्ट्रॉबेरी बहराबहराने येते. दोन बहरांच्या मधल्या आठवड्यात कुणाच्याच शेतात फारसा माल नसतो. फुलापासून पिकलेलं फळ व्हायला साधारण महिना लागतो, ढगाळ थंडीत त्याहून जास्त. म्हणून निघायच्या चार दिवस आधी पुन्हा एकदा फोन करा.

वेळ साडेआठ ते साडेदहा. त्याआधी पानांवर दव असतं आणि ओलं फळ डब्यात गेलं की बुरशीला आमंत्रणच. साडेदहानंतर वाफ्यावर अंथरलेला काळा प्लास्टिकचा (मल्चिंग) कागद तापतो, त्यावर टेकलेलं फळ गरम होतं, आणि गरम फळ डब्यात भरलं की संध्याकाळपर्यंत मऊ पडतं.

आता स्वतः तोडण्याचा खरा फायदा. स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. आंबा, केळं, चिकू अढीत पिकतात तसं हिचं नाही. नंतर रंग थोडा चढतो, वास येतो, पण साखर झाडावर जेवढी भरली तेवढीच. लांबच्या बाजाराला जाणारा माल टिकावा म्हणून अर्धा-पाऊण लाल असतानाच तोडावा लागतो. शेतात उभं राहून तुम्ही पूर्ण लाल फळ तोडू शकता, आणि तसं फळ मुंबईच्या दुकानात सहसा मिळत नाही. तेव्हा पानं उचलून फळाची वाफ्याकडची बाजू बघा. समोरून लाल आणि मागून पांढरं असेल तर राहू द्या. हिरव्या टोपीखालचा खांदासुद्धा लाल झालेला हवा.

तोडताना फळ धरून ओढायचं नाही. ओढलं की टोपी झाडाला राहते, फळाला भोक पडतं, कधी घोसातली कच्ची फळंही सोबत तुटून येतात. टोपीच्या वर अर्धा-एक सेंटिमीटर देठ अंगठ्याच्या नखावर आणि पहिल्या बोटावर घेऊन चिमटायचा आणि फळ तळव्यात अलगद झेलायचं. मुठीत तीन-चार फळं जमवत बसू नका, प्रत्येक फळ थेट डब्यात. चालायचं फक्त सरीतून, म्हणजे दोन उंच वाफ्यांमधल्या चरातून. गादीवाफ्यावर पाय पडला तर मुळांजवळची माती दबते, कागद फाटतो, आणि खालची ठिबकची नळी निसटली तर पुढच्या रोपांना पाणी पोचत नाही. चार वर्षांच्या मुलाला सरीत मोठ्या माणसाच्या पुढे चालवा, मागे नको.

बुरशीचं उत्तर असं आहे की करडी बुरशी बऱ्याचदा फुलातच शिरलेली असते आणि फळ पिकेपर्यंत गुपचूप बसते. तोडताना फळ चांगलंच दिसतं. पुढे ऊब, ओल किंवा खरचटलेली साल मिळाली की ती उठते आणि एका फळावरून शेजारच्या फळावर जाते. रस्त्यावरच्या पेटीत चार-पाच थर असतात, खालचा थर दबून रस सुटलेला असतो, तिथूनच सुरुवात होते. शेतात करडी लव आलेलं फळ दिसलं तर हात लावू नका, घरच्या माणसाला दाखवा. तो हात पुढच्या फळांना लागू नये.

जातही विचारून घ्या. स्वीट चार्ली गोड आणि नाजूक, ती तिथेच खाण्यासाठी. कॅमारोसा जरा घट्ट, प्रवासाला बरी. विंटर डॉन लवकर येणारी. एकाच शेतात दोन-तीन जाती असतात, प्रत्येकीचं एकेक फळ चाखलं की मुलांनाही फरक कळतो.

आणि हे संकोच न करता विचारा: "शेवटची फवारणी कधी आणि कशाची?" प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही ते छापलेलं असतं. जो शेतकरी तारीख आणि औषधाचं नाव लगेच सांगतो त्याच्याकडे निर्धास्त जा. "आम्ही काहीच मारत नाही" एवढंच उत्तर आलं तर मग करडी बुरशी आणि लाल कोळी ही कीड कशी आवरता हे पुढे विचारा. खरंच बिगरफवारणीची शेती करणाऱ्याकडे याचं सविस्तर उत्तर असतं. आतपर्यंत मुरणारी औषधं धुण्याने पूर्ण जात नाहीत, त्यामुळे ते दिवस पाळलेत का हाच खरा प्रश्न आहे.

गव्हाण_आणि_दावं

पशुवैद्यक म्हणून जनावरांपुरतं लिहिते.

घरून शिळ्या पोळ्या, पाव, भात, बिस्किटं घेऊन जाऊ नका. गाय काय, शेळी काय, आवडीने खातील, पण पिठूळ अन्न एकदम जास्त पोटात गेलं की कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात) आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, जनावर खाणं सोडतं. शेळी लहान असल्याने तिला थोडंही जास्त होतं. एका घरची एक पोळी सोसेल, पण त्या दिवशी चार कुटुंबं येऊन गेलेली असतील तर? घरच्यांनी हातात दिलेला चाराच घाला: कडबा, मका, शेवरीचा डहाळा. ओला लसूणघास पेंढीच्या पेंढी घातला तर पोटफुगी होते. स्ट्रॉबेरीची पानं तर मुळीच नाही, त्यांच्यावर फवारणी झालेली असू शकते. प्लास्टिकचे रिकामे डबे आणि पिशव्या गोठ्याजवळ ठेवू नका. गाय ते चघळून गिळते आणि ते पोटात साठत जातं.

शेळीला खाऊ घालताना डहाळा लांब धरायचा, किंवा चारा सपाट तळव्यावर ठेवायचा. शेळीला आणि गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, मागच्या दाढा मात्र जोरदार. बोट आत गेलं तरच चावलं जातं.

गायीकडे मागून जायचं नाही. तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं, थेट शेपटीमागचं मात्र दिसत नाही. आवाज देत, खांद्याच्या बाजूने जा आणि आधी मान किंवा गळ्याखालची लोंबती कातडी खाजवा. गायीची लाथ पुढे आणि बाजूला फिरते, त्यामुळे मागच्या पायाशेजारी उभं राहणं सुरक्षित वाटतं तेवढं नसतं. नुकत्या व्यालेल्या गायी-म्हशीच्या वासराजवळ मुलांना नेऊ नका. ती माया असते, पण शिंगाने व्यक्त होते.

धार काढण्याची हौस सगळ्यांनाच असते. कास धुतल्या-पुसल्यावर गाय पान्हा सोडते आणि तो जेमतेम ५ ते ७ मिनिटं टिकतो. त्या वेळात गलका झाला, फ्लॅश मारले, अनोळखी माणसांनी घेरलं तर ती पान्हा चोरते. दूध कासेत राहतं, त्या दिवसाचं उत्पन्न जातं आणि कासदाहाची (कासेला सूज येण्याची) भीती वाढते. म्हणून मुलांना सुरुवातीच्या दोन-तीन चिळकांड्या काढू द्याव्यात. तशाही त्या वेगळ्या भांड्यात काढून गाठी आहेत का ते बघायचं असतं. हात साबणाने धुतलेले आणि नखं कापलेली हवीत. सड पूर्ण मुठीत धरून वरून खाली एकेक बोट दाबत यायचं. अंगठा मुडपून ओढलं तर सडाला इजा होते. मग बाजूला होऊन घरच्यांना काढू द्या.

धारोष्ण दूध पिऊ नका, कौतुकानेही नाही. संसर्गजन्य गर्भपाताचे (ब्रुसेला) आणि क्षयाचे जंतू निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या दुधातूनही येऊ शकतात. उकळलं की प्रश्न मिटतो. जनावरं हाताळल्यावर आणि फळं खाण्याआधी साबण-पाण्याने नीट हात धुवा. शेण-मातीने माखलेल्या हातावर सॅनिटायझर काम करत नाही. याचाच अर्थ असा की आधी फळं तोडा, मग गोठा. उलट केलं तर मुलांची बोटं शेळीच्या अंगावरून थेट स्ट्रॉबेरीवर आणि तिथून तोंडात जातात.

तुम्ही दोन ठिकाणी जाणार असाल तर मध्ये चपला-बूट धुवा. लाळ्या खुरकूत रोगाचा विषाणू बुटाच्या तळाला चिकटून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो. पाहुण्यांच्या पायातून आलेला रोग त्या घराला महिनोन्‌महिने भोवतो.

ओसरी

ठाण्याहून पहाटे निघालात तरी साडेआठला वाफ्यावर उभं राहणं होणार नाही. आदल्या संध्याकाळी पोचा. धारा साधारण संध्याकाळी ५ ते ६ आणि सकाळी साडेपाच ते साडेसहा. संध्याकाळची धार, मुक्काम, सकाळी फळं, मग गोठ्यात चारा, दुपारचं जेवण आणि परत, असा क्रम घरच्यांच्या कामात बसतो. २६ जानेवारीला जोडून सुट्टी असेल तर वाई ते पाचगणी हा पसरणी घाटच तास-दीड तास खाऊ शकतो.

फोनवर: प्रवेशाचे पैसे आणि फळांचे पैसे वेगळे का? शेतात खाल्लेल्या फळांचा हिशोब कसा? जेवण किती माणसांचं, कधीपर्यंत सांगायचं? पर्यटन विभागाकडे कृषी पर्यटन केंद्र म्हणून नोंदणी आहे का? राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. नोंदणी नसली म्हणजे घर वाईट असं नव्हे, पण असली तर मुक्काम आणि स्वच्छतागृहाची किमान सोय असेल असं धरता येतं.

मुलं सोबत आहेत म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते. शेततळं कुठे आहे आणि त्याला कुंपण आहे का, हे पोचल्या पोचल्या विचारा. तळाला आणि उतारावर प्लास्टिकचा कागद असतो. ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं, आणि आत घसरलेल्या माणसाला, अगदी पोहता येणाऱ्यालाही, उतार चढून वर येता येत नाही. दोर किंवा फुगवलेली ट्यूब काठावर बांधलेली असली पाहिजे. कडबाकुट्टीच्या यंत्राजवळ ११ वर्षांच्या मुलालाही जाऊ देऊ नका, बंद असलं तरी. चाऱ्याच्या गंजीत हात घालायचा नाही. पायात बंद बूट.

आजी-आजोबांना सरीत वाकून तोडणं जमणार नाही. एक बुटकं स्टूल सरीत ठेवून बसल्या जागी हाताला येतील तेवढी तोडता येतात. निवडून डब्यात भरायचं काम त्यांना द्या, ते त्यांना तरुणांपेक्षा चांगलं जमतं. दुपारी ऊन वाढलं की भिलारला नेता येईल. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, स्ट्रॉबेरीचंही आहेच. घराघरांत मांडलेली पुस्तकं बसून वाचता येतात.

ठाण्याहून_नऊजण

खूप उपयोगी पडलं. दोन गोष्टी राहिल्या. सोबत येणारी बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे, तिने गोठ्यात जावं का? आणि ४-५ किलोचं काय?

गव्हाण_आणि_दावं

बहिणीने फळांच्या शेतात खुशाल यावं, गोठा लांबून बघावा. शेळ्या-मेंढ्यांचा विण्याचा हंगाम चालू असेल तर त्या बाजूला अजिबात जाऊ नये. विताना पडणाऱ्या वार आणि पाण्यातून गर्भाला धोकादायक जंतू पसरतात. करडू मांडीवर घेऊन फोटो नको. गोठ्यातून आलेल्यांचे कपडे-बूटही तिने हाताळू नयेत. शंका असेल तर तिच्या डॉक्टरांना आधी विचारा.

गादीवाफा

४-५ किलो नेता येईल, पण तोडतानाच दोन भाग करा. दोन किलो घट्ट, चकचकीत फळं ताजी खायला. बाकीची जास्त पिकलेली, ती जॅमसाठी.

ताज्या फळांना उथळ ट्रे, तळाला कोरडा कागद, टोपीसकट फळं, जास्तीत जास्त दोन थर. झाकण घट्ट नको, हवा खेळू द्या. डिकीत ठेवू नका. घाट उतरताना खालची हवा तापते आणि डिकी तर आणखी तापते. एसी चालू असलेल्या गाडीत सीटखाली जमिनीवर ठेवा. घरी गेल्यावर न धुता फ्रिजमध्ये. खायच्या वेळी टोपीसकट धुवा आणि मग टोपी काढा, आधी काढली तर पाणी आत शिरून चव पांचट होते. दोन-तीन दिवसांत संपवा.

जास्तीची फळं टोप्या काढून, कोरडी करून ताटात सुटी पसरून गोठवा आणि दगड झाली की पिशवीत भरा. आधीच पिशवीत भरली तर एकच गोळा होतो. जॅमला १ किलो फळाला ६०० ते ७०० ग्रॅम साखर आणि एका मोठ्या लिंबाचा रस. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी असतं, लिंबाशिवाय जॅम धरत नाही. साखर लावून फळं दोन तास तशीच ठेवा, रस सुटला की रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर आटवा. गार बशीवर थेंब टाकून बोटाने सारला आणि सुरकुती पडली की उतरवा.