गॅल्व्हेस्टनचा फुकट दवाखाना: कौतुक जरा जास्तच होतंय का?

रानवारा: टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला सेंट व्हिन्सेंट हाऊसमध्ये मेडिकलची मुलं विमा नसलेल्यांसाठी दवाखाना चालवतात. मला हा प्रकार खटकतो. विमा असेल त्याला अनुभवी डॉक्टर, नसेल त्याला दुसऱ्या वर्षाचा पोरगा. पोराच्या अर्जात 'सेवाकार्य' जमा होतं, तो पुढे निघून जातो. मधुमेह मात्र रुग्णाकडेच राहतो.

भाजणीचं थालीपीठ: पोरगा एकटा नसतो हो. तो हिस्टरी घेतो, तपासतो, मग परवानाधारक डॉक्टरपुढे केस मांडतो. औषध त्या डॉक्टरच्या सहीनेच. केईएमच्या ओपीडीतही शिकणारेच तपासतात ना? त्यांना कोणी नावं ठेवत नाही.

रानवारा: केईएममध्ये वरच्या मजल्यावर वॉर्ड आहे, ऑपरेशन थिएटर आहे. इथे पोटात गाठ सापडली तर पुढे काय? अमेरिकेच्या १९८६च्या कायद्याने इमर्जन्सीत रुग्णाला स्थिर करणं बंधनकारक आहे, केमो देणं नाही. २००८च्या आईक वादळानंतर तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयानेही बिनविम्याच्या रुग्णांबाबत हात आखडता घेतला. निदान करायचं आणि हात जोडायचे, याला उपचार म्हणायचं?

खाडीकाठ: गाठीचं मान्य. पण रोजचं दुखणं गाठीचं नसतं, बीपीचं असतं. टेक्सासमध्ये कागदपत्रं नसलेल्या बऱ्याच स्थलांतरितांना नियमित डायलिसिस मिळत नाही. किडनी निकामी होऊन रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं चढलं की मगच इमर्जन्सीत घेतात, पुन्हा घरी, पुन्हा तेच. बीपीने किडनी तिथवर जाऊ नये म्हणून लागणारी स्वस्तातली गोळी हीच मुलं देतात.

रानवारा: म्हणजे सरकार मोकळं! २०१२मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा, विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, टेक्सासने तो केलाच नाही. मूलबाळ नसलेला धडधाकट माणूस कितीही गरीब असो, त्याला मेडिकेड नाही; आणि दारिद्र्यरेषेखाली कमावतो म्हणून विम्याची सबसिडीही नाही! फुकट दवाखाने चालू आहेत तोवर ऑस्टिनमध्ये, टेक्सासच्या राजधानीत, कुणाची झोप उडणार आहे?

भाजणीचं थालीपीठ: दवाखाना बंद केला तरी उडणार नाही. आमदारांवरचा राग बरोबर आहे, पण तो मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन घ्यायला आलेल्या बाईवर कशाला काढता? मुलं बदलत राहतात ही तुमची तक्रार मात्र खरी. प्रत्येक विद्यार्थ्याला ठरलेले रुग्ण द्या, पदवी होईपर्यंत त्यानेच बघायचे, आणि जाताना पुढच्याला समोर बसवून ओळख करून द्यायची. एवढं बंधन घालायला ऑस्टिनची परवानगी लागत नाही.