ज्ञानेश्वरी काव्य की तत्त्वज्ञान?

तर्कटराव:
काल इथे कुणीतरी लिहिलं, 'ज्ञानेश्वरी काव्य म्हणून वाचा. विचार हवा तर ज्ञानेश्वरांचाच अमृतानुभव घ्या. उपमांत सत्य शोधू नये.' प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा. अमृतानुभव काय गद्यात आहे? पहिल्याच प्रकरणात शिवशक्तीचं ऐक्य कसं सांगितलंय? ओठ दोन पण बोल एक, डोळे दोन पण दृष्टी एक. हे दृष्टान्त काढा आणि उरलेलं तत्त्वज्ञान मला दाखवा.

खवचट पुणेकर:
'कुणीतरी' म्हणजे मीच. सातवं प्रकरण उघडा, अज्ञानखंडन. सगळ्यात मोठं आहे. अज्ञान असेल तर कुठे असेल, असं विचारत एकेक वाट बंद केलीय. दृष्टान्त पटवतो, सिद्ध करत नाही.

तर्कटराव:
न्यायदर्शनात अनुमान मांडायचे पाच अवयव आहेत, त्यांत उदाहरण तिसरं आहे. ते काय शोभेला?

खवचट पुणेकर:
हेतूच्या, म्हणजे कारणाच्या, मागे उभं असतं ते. धूर दिसला म्हणून आग, आणि उदाहरण स्वयंपाकघराचं. नुसतं स्वयंपाकघर दाखवून डोंगरावर आग लागत नाही.

बांधावरची:
माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, तेरावा अध्याय ऐकून पाठ. भाऊबंदांशी बांधाचा वाद पेटला तेव्हा अमानित्वाच्या, म्हणजे मानाची हाव नसण्याच्या, ओव्या म्हणत तिनेच आजोबांना कोर्टातून माघारी आणलं. तिला कुठला हेतू न् कुठलं उदाहरण!

खवचट पुणेकर:
आजीबद्दल आदर आहे. पण आजी हे प्रमाण नव्हे. शिवाय तिने ऐकलेला पाठ कुठला? इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1909 साली छापलेली प्रत बघा, ओव्या किती वेगळ्या आहेत. आधी संहिता ठरवा, मग सत्य.

माळकरी:
आलं राजवाडे प्रकरण! शके 1506 मध्ये संत एकनाथांनी प्रत शुद्ध केली, तीच आमची. वर बजावलं, यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवतो.

खवचट पुणेकर:
'शुद्ध केली' म्हणजे नेमकं काय बदललं, हे विचारायचंच नाही का?

माळकरी:
माउली, जरूर विचारा. फक्त नाथांना प्रूफरीडर समजून विचारू नका.

तर्कटराव:
अहो, माझा प्रश्न अमृतानुभवातल्या शब्दखंडनाच्या प्रकरणाचाही आहे! शब्दाने शब्द खोडायचा, हे तर्काला जमेल का?

खवचट पुणेकर:
ठीक, सहावं प्रकरण तुमचं. सातवं सोडणार नाही. आणि माळकरीबुवा, जुन्या पोथ्यांचं बोला.

माळकरी:
पारायण संपलं की बोलतो. तोवर तुम्ही निदान एक अध्याय वाचा, कुठल्याही प्रतीतला.