रोटर ३७: बॅक प्रेशर वाढवलं की सोल्युशन उडतंय, काय करावं?

नांदेडचा_मेक
नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रोजेक्टला नासाचा रोटर ३७ (कॉम्प्रेसरचं फिरतं पात्यांचं चाक) कॉम्प्युटरवर सोडवायला घेतलाय, ३६ पात्यांपैकी एकच पॅसेज, दोन्ही बाजूंना पिरिऑडिक, एसएसटी मॉडेल (टर्ब्युलन्सचं), स्टेडी रन. चोकपाशी (जिथं फ्लो आणखी वाढतच नाही) प्रयोगाशी झकास जुळायलंय पण आउटलेटचं स्टॅटिक प्रेशर वाढवत स्टॉलकडं (जिथं पात्यांवरचा प्रवाह सुटून बिघडतो) निघालं की मास फ्लो घसरत घसरत जातो आन् मग एकदम डायव्हर्ज. सर म्हणायले मेश (सेलची जाळी) बारीक कर. बारीक केली तर लॅबच्या पीसीला रात्र पुरंना, त्यात मधीच लाईट जाते. मेशचाच घोळ आहे का दुसरं काही?

लातूरकर_पुण्यात
मेश नंतर बघ भाऊ, आधी प्रेशर विरुद्ध फ्लोचा कर्व्ह काढून बघ. चोकपाशी कर्व्ह उभा असतो, प्रेशर कितीबी हलव फ्लो जागचा हलत नाही, म्हणून तिथं स्टॅटिक प्रेशर देणं सोयीचं. स्टॉलकडं तोच कर्व्ह आडवा होत जातो, तिथं प्रेशर जरासं वाढवलं की फ्लो भसकन पडतो, आन् शेंड्याच्या वरचं प्रेशर मागितलं तर तसा ऑपरेटिंग पॉइंटच नाही, सॉल्व्हर देणार कुठून? म्हणून शेवटचे पॉइंट मास फ्लो आउटलेटवर घे, नाहीतर थ्रॉटल लाव, म्हणजे आउटलेटचं प्रेशर फ्लोच्या वर्गाशी बांधायचं. चोकपाशी मात्र मास फ्लो देऊ नको, तिथं उलटं अडकतं. आन् दर वेळी आधीच्या पॉइंटच्या सोल्युशनवरून पुढं जा, शून्यातून नको.

टिपगॅपवाला
टिप क्लिअरन्स (पात्याचं टोक आन् बाहेरचं कवच यातली फट) ०.३५६ मिमी ठेवलाय ना? त्या फटीत चार-पाच सेल टाकून भागत नाही. स्टॉलकडं जाताना शॉक पुढं सरकतो आन् टिपची लीकेज व्हॉर्टेक्स त्यातून जाताना फुगते, सगळी गंमत तिथंच आहे. भिंतीला वाय-प्लस (पहिल्या सेलच्या भिंतीपासूनच्या अंतराचं माप) १ पाहिजे असंल तर पहिला सेल एक-दोन मायक्रॉनचा लागंल.

नांदेडचा_मेक
क्लिअरन्स आहे. थ्रॉटल लावला, चालायलंय राव! पण माझा फ्लो प्रयोगापेक्षा थोडा कमी दिसतो, तो कसा दाखवू?

लातूरकर_पुण्यात
किलोत तुलना करू नको. प्रयोगात चोक २०.९३ किलो/सेकंद आहे, तुझा चोक जेवढा येईल त्यानं तुझे पॉइंट भाग. प्रयोगातला शेवटचा पॉइंट ०.९२५ ला आहे. तुझा त्याच्या अलीकडं-पलीकडं थांबला तरी त्याला 'स्टॉल पॉइंट' लिहू नको, खरा स्टॉल अख्ख्या चक्रात फिरतो आन् अनस्टेडी असतो, एका पॅसेजच्या स्टेडी रनमधी तो कुठून दिसणार. परीक्षक इथंच धरतात.

आन् हबपासून (पाती बसवलेला मधला गाभा) २० टक्के उंचीच्या आसपास टोटल प्रेशरमधी प्रयोगात एक खड्डा दिसतो, तुझ्याकडं नसंल तर घाबरू नको, लै जणांना येत नाही. हबच्या फिरत्या आन् स्थिर भागातल्या फटीतून होणारी गळती हे एक कारण सांगतात, कोणी हब-कॉर्नर सेपरेशनला धरतं. मला गळतीचं पटतं.

पैठणकर
मधी बोलतो, माफी. आमच्या जायकवाडीच्या १२ मेगावॅटच्या रिव्हर्सिबल टर्बाइनवर असं काही जमंल का?

टिपगॅपवाला
जमंल की. पाणी आहे, शॉकची कटकट नाही, पण कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होणं) घ्यावं लागंल. खरी अडचण पात्यांच्या भूमितीची, ती मिळाल्याशिवाय मेश कशाची करणार? वेगळा धागा काढा, तिथं बोलू.