कान तयार करण्यासाठी टर्नटेबल घ्यावे का?

प्रश्न

गेली दोन वर्षे मी लॅपटॉपमधली गाणी हाताळणाऱ्या, त्याला जोडलेल्या कंट्रोलरवर डीजेइंगचा सराव करतो आहे. दोन गाण्यांचे ठोके जुळवणे, एक गाणे योग्य जागी सोडून दुसरे आत आणणे आणि समोरच्यांचा कल पाहून पुढचे गाणे निवडणे मला बऱ्यापैकी जमते, असा माझा समज होता. मागच्या आठवड्यात एका ज्येष्ठ डीजेंच्या टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्रावर, हात ठेवण्याची संधी मिळाली आणि पंधरा मिनिटांत तो समज गळून पडला. समोर ध्वनिलहरींचा आलेख नव्हता, बीपीएमचा (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांचा) आकडा नव्हता, ठोके आपोआप जुळवणारे सिंकचे बटण नव्हते. दोन्ही गाणी एकमेकांवरून घसरत होती आणि त्यांपैकी कोणते पुढे पळते आहे व कोणते मागे रेंगाळते आहे, एवढेसुद्धा मला कानांनी सांगता येईना.

तेव्हापासून दोन टर्नटेबल आणि एक मिक्सर घ्यावा असे मनात घोळते आहे. खर्च मोठा आहे, शिवाय रेकॉर्ड नव्याने जमवाव्या लागतील. विनाइलचा, म्हणजे या रेकॉर्डचा, आवाज खरोखरच सरस असतो का? की केवळ कान तयार करण्यासाठी एवढा खटाटोप करावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

मी वीस वर्षांहून अधिक काळ रेकॉर्ड वाजवतो आहे, आणि तरीही आवाजाच्या मोहाने टर्नटेबल घेऊ नका, असेच मी तुम्हाला सांगेन. रेकॉर्ड कोरताना खालचे स्वर दाबून आणि वरचे स्वर उचलून कोरावे लागतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूवर पुरेसे संगीत मावणारच नाही. मिक्सरमधला फोनो विभाग नंतर हा बदल उलटा करून मूळ तोल परत आणतो. तबकडी एकाच गतीने फिरत असली, तरी कडेजवळ सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि शेवटच्या गाण्यापर्यंत ते अंतर निम्म्याहून कमी होते, त्यामुळे आतल्या गाण्यांतले तीव्र स्वर काहीसे फाटतात. विनाइलच्या आवाजाला स्वतःचा गोडवा आहे आणि मला तो मनापासून आवडतो, पण त्याला बिनचूक म्हणता येणार नाही.

उघड्या मैदानावरच्या एका कार्यक्रमात टर्नटेबल पोकळ लाकडी मंचावर, बेस स्पीकरच्या अगदी शेजारी मांडले होते. आवाज वाढवताच स्पीकरची थरथर मंचातून सुईपर्यंत पोचली, सुईने तीच पुन्हा स्पीकरला दिली, आणि गाण्याखालून एक घोंगावणारा सूर चढत गेला. शेवटी आयोजकांकडून जड फरशा मागवून, त्यांखाली फोम घालून टर्नटेबल त्यांवर ठेवले, तेव्हा कुठे तो सूर थांबला. तोवर वीस मिनिटे मला बेस जवळजवळ बंद ठेवावा लागला होता.

आता कानाविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे मर्म तिथे आहे. समजा, एक गाणे 120 बीपीएमचे आहे आणि दुसरे 120.2 चे. एका मिनिटात दुसरे गाणे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने पुढे सरकते, आणि जो ठोका मघापर्यंत एक वाटत होता तो दुहेरी ऐकू येऊ लागतो. हा दुहेरीपणा उघड होण्याआधी ठोक्याला एक बोथटपणा येतो, त्याची धार जाते. तो बोथटपणा ओळखणे हीच सारी विद्या आहे, आणि पडदा समोर असला की ती शिकण्याची गरजच पडत नाही, म्हणून ती येत नाही. टर्नटेबलवर तो जाणवताच तुम्ही तबकडीच्या कडेला बोट हलकेच टेकवून तिला मागे आणता किंवा मधला दांडा दोन बोटांत धरून किंचित पुढे ढकलता, आणि ठोका पुन्हा एक झाल्याची खूण त्याच क्षणी कानाला मिळते.

सरावाची सुरुवात एकाच रेकॉर्डच्या दोन प्रतींनी करावी. गाणे तेच असल्यामुळे लक्ष फक्त लयीवर राहते. त्यात हात बसला की सत्तरच्या दशकातली, प्रत्यक्ष ड्रमवादकाने वाजवलेली गाणी घ्या. माणूस वाजवतो तेव्हा लय श्वासासारखी थोडी पुढेमागे होते, त्यामुळे एकदा जुळवून हात काढून घेता येत नाही. मिश्रण चालू असेपर्यंत गती कमीजास्त करणाऱ्या पिचच्या सरकपट्टीवर बोट ठेवूनच राहावे लागते. माझे कान खऱ्या अर्थाने तयार झाले ते या गाण्यांवर.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, परंतु पडदा असला की कान बिघडतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. डोळ्यांची मदत संगणकाने आणलेली नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये हिप-हॉपचे एक आद्य डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश रेकॉर्डवर रंगीत खडूने खुणा करून, ती खूण फिरून कुठे येते यावर नजर ठेवत असत. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली तर वाद्ये विरळ होतात तिथली खाच वेगळ्या छटेची दिसते, आणि ते पाहूनच सुई कुठे टेकवायची हे जुने डीजे ठरवत आले आहेत.

मी दोन्ही वापरतो. डिजिटल साधनांवर मला लूप करता येते (एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो), गाण्यातल्या हव्या त्या जागेवर तत्काळ जाता येते आणि मुख्य म्हणजे स्वर न बदलता गती बदलता येते. तबकडी 6 टक्के जास्त वेगाने फिरवली की सगळे गाणे जवळजवळ अर्ध्या सुराने चढते, आणि गायकाचा आवाज ओळखीचा राहत नाही. एखाद्या नव्या कलाकाराने दुपारी पाठवलेले गाणे रात्री वाजवता येणे, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. रेकॉर्ड छापून होईपर्यंत कित्येक महिने जाऊ शकतात.

डिजिटल म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नका. एकदा मी नव्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह घेऊन गेलो आणि तिथल्या जुन्या प्लेअरने तो वाचायलाच नकार दिला. त्या यंत्राला फॅट32 ही जुनी पद्धत हवी होती. तेव्हापासून मी दोन पेनड्राइव्ह नेतो आणि दोन्ही फॅट32 मध्येच ठेवतो.

तिसरा प्रतिसाद

या दोहोंच्या मधली वाट तुमच्यासाठी अधिक सोयीची ठरेल, असे मला वाटते. ती वाट म्हणजे टाइमकोड रेकॉर्ड. तिच्यावर संगीत नसते, एक अखंड सूर कोरलेला असतो. डाव्या व उजव्या वाहिनीतला तो सूर एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकवलेला असल्यामुळे तबकडी पुढे फिरते आहे की मागे, हे सॉफ्टवेअरला कळते. सुराच्या उंचीवरून वेग कळतो आणि त्यात गुंफलेल्या संकेतावरून सुई कुठे आहे तेही कळते. ही पद्धत 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फायनल स्क्रॅच आणि सेराटो या प्रणालींनी रुळवली. हात टर्नटेबलवरच राहतो, गाणी मात्र तुमच्या लॅपटॉपमधली असतात, त्यामुळे रेकॉर्डचा संग्रह सावकाश वाढवता येईल.

माझी एकच विनंती आहे. काहीही विकत घेण्याआधी, आहे त्या कंट्रोलरवर सिंक बंद करा, लॅपटॉपचा पडदा आडवा करून त्यावर जाड कापड टाका, आणि महिनाभर तसाच सराव करा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच पडद्यावर टॉवेल टाकून दोन तास बसलो. पहिल्या तासात एकही जोडी जुळली नाही. दुसऱ्या तासात एकदा, दोन्ही गाण्यांचा बास ड्रम अगदी एकमेकांवर बसला आणि हेडफोनमध्ये तो एकाएकी भरीव झाला. काय ऐकायचे असते ते तेव्हा प्रथमच उमगले. महिनाभर हाच क्रम ठेवणार आहे. त्यानंतर टर्नटेबल घ्यायचे झाल्यास ते वापरलेलेच घेईन. तेव्हा नेमके काय तपासावे?

पहिला प्रतिसाद देणारे

टेक्निक्सचे एसएल-1200 एमके2 किंवा त्यानंतरचे मिळाले तर उत्तम. 1979 मध्ये आलेल्या एमके2 मध्ये पिचची सरकपट्टी आहे आणि मोटर थेट तबकडीखाली असते, म्हणून तबकडी धरून सोडली तरी ती क्षणात मूळ गतीवर येते. पट्ट्याने फिरणारे टर्नटेबल या कामासाठी घेऊ नका. या मालिकेचे उत्पादन 2010 मध्ये थांबून 2016 मध्ये पुन्हा सुरू झाले असल्यामुळे बाजारात फिरणारी बरीच यंत्रे जुनी असतात, तेव्हा हात लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सरकपट्टी शून्यावर ठेवा आणि तबकडीच्या कडेवरच्या ठिपक्यांकडे पाहा. सर्वांत मोठ्या ठिपक्यांची रांग लाल दिव्यात जागच्या जागी स्थिर दिसली पाहिजे. मग पट्टी सावकाश दोन्ही टोकांना नेऊन गती मध्येच हिसका खाते का ते पाहा. सगळ्यात महत्त्वाचा तो सुईचा दांडा. त्याच्या मागचे वजन सरकवून तो हवेत तरंगता ठेवा, टोकाला हलकीशी फुंकर घाला आणि तो दोन्ही दिशांना कुठेही न अडखळता जातो का ते बघा. तो डगमगत असेल किंवा बुंध्याशी बोटाने हलवल्यावर खटखटत असेल, तर त्याचे बेअरिंग खराब झालेले आहे. असे यंत्र कितीही चकचकीत दिसले तरी घेऊ नका. सुई मात्र नवीच बसवा, कारण झिजलेली सुई प्रत्येक वाजवण्यागणिक खाच कुरतडत जाते.