कोडचे तुकडे साठवलेत भरपूर, पण वेळेला एक सापडेल तर शपथ

रिकामी_ॲरे:

लोकहो, एक विचारायचं होतं. तीनेक वर्षं वेब डेव्हलपमेंट करतोय आणि आता वर्षभरापासून मशीन लर्निंगमध्येही हात घातलाय. कुठे चांगला स्निपेट, म्हणजे कोडचा तयार तुकडा, दिसला की ठेव बाजूला, ही सवय पहिल्यापासून. पण बाजूला म्हणजे कुठे ते विचारू नका. थोडं गिस्टमध्ये (गिटहबवरची कोडचे तुकडे ठेवायची सोय), थोडं नोशन ॲपमध्ये, बुकमार्क तर किती आहेत देव जाणे, डेस्कटॉपवर 'टेम्प_नवीन_२' नावाची एक टेक्स्ट फाइल, आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज, ज्यात अंडरस्कोअरमधला मजकूर तिरका होऊन बसलाय. वर कोडचे स्क्रीनशॉट. हो, स्क्रीनशॉट. हसा.

परवा सर्चबॉक्सला डिबाउन्स लावायचं होतं, म्हणजे टायपिंग थांबलं की मगच रिक्वेस्ट जावी. माझ्याकडे झकास लिहिलेलं फंक्शन आहे हे नक्की आठवत होतं म्हणून पाऊण तास शोधलं, नाही सापडलं, शेवटी नव्याने लिहिलं तर आठ ओळी निघाल्या आणि पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी जुनं सापडलं, स्क्रीनशॉटमध्ये.

तुम्ही लोक हे कसं सांभाळता? कुठलं ॲप चांगलं? आणि आता एआयला विचारलं की लगेच कोड मिळतो, तर हा संग्रह करण्यात काही अर्थ उरलाय का?

टॅबवाला:

ॲप बदलून काही होणार नाही, माझी चार बदलून झालीत. प्रत्येक वेळी जुन्यातून नव्यात न्यायचे आणि अर्धे वाटेत सांडायचे, एवढंच झालं.

आधी दोन ढीग कर. जे रोज टाइप करतोस ते एडिटरच्या स्निपेटमध्ये. व्हीएस कोडमध्ये यूझर स्निपेट्सची जेसन फाइल असते, त्यात प्रीफिक्स (टाइप करायचा छोटा शब्द) द्यायचा, बॉडी (त्याच्या जागी येणारा कोड) द्यायची, डॉलर एक डॉलर दोन लिहिलं की टॅब मारत त्या त्या जागी जाता येतं आणि डॉलर शून्यावर कर्सर शेवटी थांबतो. एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती म्हणून सांगतो, तुझ्या कोडमध्येच डॉलर असेल, म्हणजे जावास्क्रिप्टचं टेम्प्लेट लिटरल (डॉलर लावून मजकुरात व्हेरिएबल बसवतात ते) वगैरे, तर त्या जेसनमध्ये डॉलरच्या आधी दोन बॅकस्लॅश लागतात, नाहीतर व्हीएस कोड त्याला स्वतःचं व्हेरिएबल समजतो आणि तुझा कोड गायब. संध्याकाळ गेली होती माझी त्यात.

बाकीचं सगळं एका गिट रेपोत (बदलांची हिस्टरी ठेवणारं फोल्डर), साध्या मजकुराच्या मार्कडाउन फाइली. आणि फाइलचं नाव फंक्शनवरून ठेवायचं नाही, अडचणीवरून ठेवायचं. माझ्याकडे 'डिबाउन्स' नावाची फाइल नाहीये, 'सर्चबॉक्समध्ये प्रत्येक अक्षराला रिक्वेस्ट जातेय' अशी आहे. कारण सहा महिन्यांनी अडकतो तेव्हा डोक्यात उत्तराचं नाव नसतंच, समोर काय बिघडलंय तेवढंच दिसत असतं, आणि शोधताना आपण तेच शब्द टाइप करतो. पहिल्या चार ओळींत हे कधी लागलं, कुठल्या व्हर्जनवर चाललं, कुठून घेतलं, आणि कुठे चालत नाही. मग ग्रेप (फाइलींत शब्द शोधणारी कमांड) मारला की दहा सेकंदांत हातात.

ओव्हरफिट_आत्या:

टॅबवाल्याचं अडचणीवरून नाव देणं एकदम पटलं. पण मशीन लर्निंगच्या तुकड्यांचं दुखणं जरा वेगळं आहे, तिथे तुकडा बरोबर असूनही तुम्ही गाळात जाऊ शकता. माझंच सांगते.

माझ्याकडे इम्बॅलन्स्ड डेटासाठी एक छोटा तुकडा होता, ज्या क्लासच्या, म्हणजे प्रकारच्या, ओळी कमी आहेत त्या पुन्हा पुन्हा घेऊन संख्या वाढवणारा. कोडमध्ये काही चूक नव्हती, कित्येकदा वापरलेला. एका नव्या नोटबुकमध्ये (जिथे कोड एकेका सेलमध्ये लिहून चालवतात) घाईघाईत पेस्ट केला आणि तो पडला ट्रेन-टेस्ट स्प्लिटच्या वर, म्हणजे मॉडेलला शिकवायचा आणि तपासायचा डेटा वेगळा करतात त्याच्या आधी. म्हणजे आधी ओळींच्या प्रती काढल्या आणि मग विभागणी केली, म्हणजे एकच ओळ ट्रेनमध्येही आणि टेस्टमध्येही. एफ-वन स्कोअर (मॉडेल किती बरोबर ओळखतं त्याचं माप, जास्तीत जास्त १) आला ०.९६. मी खूश, टीम खूश. खऱ्या डेटावर मॉडेल लावलं तेव्हा तोच आकडा ०.६ च्या आसपास. दोन दिवस मी मॉडेलमध्ये चूक शोधत होते, आणि चूक होती एका सेलच्या जागेची!

तेव्हापासून मी सुटा तुकडा ठेवतच नाही. स्केलर (आकडे एका मापात आणणारा), एन्कोडर (शब्दांचे आकडे करणारा), मॉडेल सगळं पाईपलाईनमध्ये, म्हणजे पायऱ्यांच्या एका साखळीत, गुंफलेलं ठेवते, फिट म्हणजे शिकणं फक्त ट्रेनवर होईल असं, आणि ओळी वाढवायच्या असतील तर तेही स्प्लिटनंतर फक्त ट्रेनच्या भागात. वर कॉमेंट असते की याच्या आधी काय झालेलं असायला हवं. कोड आयुष्यभर पाठ राहील हो, आधी काय करायचं ते विसरतं.

आणि व्हर्जन लिहाच. पांडाज या पायथन लायब्ररीत डेटाफ्रेमला (डेटाच्या तक्त्याला) ओळी जोडणारं ॲपेंड २.० मध्ये काढूनच टाकलं, आता कॉनकॅट वापरावं लागतं. सायकिट-लर्न या मशीन लर्निंगच्या लायब्ररीच्या १.२ मध्ये बॉस्टनच्या घरांचा डेटासेट गेला, म्हणजे जुनी अर्धी ट्युटोरियलं पहिल्या ओळीलाच आपटतात. ही निदान एरर तरी देतात. पायटॉर्चमध्ये मॉडेल तपासताना इव्हॅल मोड लावायचा राहिला तर कोणी ओरडत नाही, ड्रॉपआउट (शिकवताना मॉडेलचे काही भाग मुद्दाम बंद ठेवणं) चालूच राहतो, आणि आकडे थोडे वाईट येतात एवढंच. असले तुकडे मी लाल रंगाच्या फोल्डरमध्ये ठेवते.

बिनशर्त_लूप:

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

रिकामी_ॲरे:

@बिनशर्त_लूप हाच तर माझा रोग आहे रे!

जुना_सर्व्हर:

मी जरा उलट बोलतो. बहुतेक तुकडे साठवायच्या लायकीचे नसतातच. जे डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर आहे ते तुमच्या संग्रहात कशाला? साठवावं ते, जे शोधायला किंवा समजायला तुम्हाला घाम फुटला.

आणि साठवलेला तुकडा शिळा होतो. जावास्क्रिप्टमध्ये डीप कॉपीसाठी (ऑब्जेक्टची आतल्या सगळ्यासकट प्रत) जेसन स्ट्रिंगिफाय करून, म्हणजे त्याचा मजकूर करून, परत पार्स करायची युक्ती सगळ्यांच्या संग्रहात असते. त्यात तारखेची स्ट्रिंग होते, ज्या नोंदींची किंमत अनडिफाइन्ड आहे त्या गळून पडतात, मॅप असेल तर रिकामा ऑब्जेक्ट हातात येतो. २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये याच कामासाठी स्ट्रक्चर्डक्लोन आलंय (फंक्शन त्यालाही कॉपी करता येत नाही, पण निदान एरर तरी फेकतं), तरी लोक जुनंच चिकटवतात.

बरं, लोकांनी भरपूर वापरलाय म्हणजे बरोबर, असंही नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर २०१० मधलं एक जावाचं उत्तर आहे, बाइटचा आकडा वाचता येईल असा केबी-एमबीत दाखवणारं. हजारो प्रोजेक्टमध्ये गेलं. ९,९९,९९९ बाइट दिले की '१.० एमबी' यायला हवं तिथे '१०००.० केबी' यायचं. लिहिणाऱ्यानेच पुढे जाहीर कबूल केलं आणि दुरुस्त केलं, पण ज्यांनी आधीच उचललं त्यांच्याकडे ती दुरुस्ती कशी पोचणार? म्हणून कुठून घेतलं त्याची लिंक ठेवायची. शिवाय तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए लायसन्सखाली असतो, श्रेय देणं भाग आहे, कंपनीच्या कोडमध्ये घालताना तर नीट वाचूनच घाला.

अजून एक, सीक्रेट गिस्ट म्हणजे प्रायव्हेट नव्हे. लिंक ज्याच्या हातात पडली त्याला ते दिसतं. पासवर्ड, एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) राहिली असेल तर आजच काढ, आणि नुसती पुसू नकोस, ती किल्लीच बदल, कारण गिस्ट हाही गिट रेपोच असतो, हिस्टरीत जुनं तसंच राहतं.

एआयचं म्हणशील तर मीही विचारतो. पण तो दर वेळी वेगळ्या धाटणीचा कोड देतो. माझ्या संग्रहातला तुकडा मी चालवून बघितलेला असतो, फरक एवढाच, पण रात्री साइट बंद पडली की तोच कामी येतो.

रिकामी_ॲरे:

काल रात्री बसलो. सगळं एका जागी ओतलं तर ३८० च्या वर तुकडे निघाले. त्यात डिव्ह (वेबपानावरचा चौकोन) मधोमध आणायच्याच अकरा तऱ्हा होत्या! सीएसएस ग्रिडच्या दोन ओळी ठेवल्या, बाकी उडवल्या. स्क्रीनशॉट एकही टाइप केला नाही, सरळ डिलीट. चाळून चाळून साठेक राहिले, त्यांना टॅबवाल्याच्या पद्धतीने नावं देतोय, आत्तापर्यंत चौदा झाली. आणि एका गिस्टमध्ये खरंच एपीआय की सापडली, जुना_सर्व्हर, तुमचे पाय कुठे आहेत? बदलली लगेच.

एक शंका राहिली. तुकडा चालतो की नाही त्याची छोटी टेस्ट त्याच फाइलमध्ये ठेवता की वेगळी?

टॅबवाला:

त्याच फाइलमध्ये, खाली. वेगळी ठेवलीस की ती पण शोधत बसशील.