चर्चच्या मंडळीतल्या भावाचा चेक परत आलाय, नोटीस पाठवावी का?

सर्वांना सलाम. बेळगावात उद्यमबागेत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, कास्टिंगवर जॉबवर्क करतो. आमच्याच मंडळीतला एक भाऊ (नात्यातला नव्हे, विश्वासातला), आता त्याचा कारखाना गडहिंग्लजला. त्याच्याकडे बरीच उधारी थकलीय आणि दिलेला चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला. बिलं पक्की आहेत, जीएसटी मी भरून बसलोय.

बायबलमधल्या मत्तय १८ प्रमाणे आधी एकटा जाऊन बोललो, मग दोघा वडीलधाऱ्यांना घेऊन गेलो, शेवटी पाळकांसमोर बसलो. तो देणं नाकारत नाही, फक्त तारीख देत नाही. नवं काम घेणं थांबवलंय. व्याज मला नकोच.

वकील म्हणतात, चेक परतल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ची नोटीस जायला हवी, मग त्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. माझं खातं इथलं, म्हणून कोर्टही बेळगावचं. मुदत संपत आलीय.

१ करिंथ ६ मध्ये भावाला कोर्टात खेचण्यावरून पौल झाडतो. पण याकोब ५ मध्ये अडवलेली मजुरी ओरडते, तेही वचनच ना? कामावरच्या पोरांचे पगार याच पैशातून व्हायचेत, त्यामुळे ‘माफ करून टाक’ हा सल्ला कृपया नको (तो भरपूर मिळालाय).

नुसती नोटीस पाठवून पुढे मंडळीतच मिटवलं, असं कोणी केलंय का? आणि हप्त्यांचा लेखी करार केला असेल, तर हप्ता चुकल्यास हक्क शाबूत राहावा म्हणून त्यात नेमकं काय लिहून घेतलं?